तीन फ्लॉप्या

संध्याकाळी पाचला विद्यापीठाची खिडकी बंद होणार होती आणि माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण कॉम्प्युटरमध्ये अडकलं होतं. ही तिसरी मुदतवाढ. आज प्रबंध दिला नाही तर नोंदणीच रद्द. कॉलेजातली नोकरी सांभाळून, एसटीचे धक्के खात, आजऱ्याच्या भातशेतीवर मी सात वर्षं घातली होती. वह्यांवरून सगळी गणितं पुन्हा करायची म्हटली तर दोन महिने हवेत.

राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत घरी कॉम्प्युटर असलेला मी एकटाच, आणि अठ्ठ्याऐंशी साल मी त्याच तोऱ्यात घालवलं होतं. दसऱ्याचे दोन दिवस मशीन बंद होतं. आज चालू केलं तर एकेका पानाला दहा-दहा मिनिटं, आणि आतून नुसतं खर्र खर्र.

त्याला पळवायला मी काय नाही केलं? बंद करून चालू केलं. टेबलफॅन लावला. नको त्या फायली पुसल्या. मग वाटलं, प्रकरण जिच्यावर होतं ती फ्लॉपीच खराब असणार. म्हणून कपाटातली दुसरी प्रत घातली. तीही रखडली. तिसरी घ्यायला उठलो तर श्यामला, माझी बायको, आडवी आली.

"एक तरी बाहेर राहू द्या."

"तुला काय कळतं यातलं?" मी खेकसलो आणि तिसरीही घातली. कळत तिलाच होतं.

दोन वाजता नेमिनाथ आला. टाइपरायटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटर शिकलेला माणूस. मशीन उघडून त्यानं फ्लॉपी जाते तिथं बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"सर, ह्यात कुंकू हाय की. तांदळाचं दाणं बी हायत."

मी वाकून आत पाहिलं.

"फ्लॉपी फिरली की ह्येच तिला खरवडतंय. किती घातलासा?"

"तिन्ही."

त्यानं बोट फडक्याला पुसलं. "मशीन साफ करून देतो, सर. पयल्यासारखं पळंल. पर फ्लॉप्यातलं आता काय मिळत न्हाय."

मी तरातरा स्वयंपाकघरात गेलो. आई भाजी निवडत होती.

"माई, खंडेनवमीला मशीनच्या आत कुंकू कुणी घातलं?"

"मीच. शिवणयंत्र, विळी, तुझी सायकल, सगळ्यांची पूजा केली की."

"पण आत? आत कशाला घालायचं?"

माईनं शांतपणे वर पाहिलं. "मी वरच लावत होते रे. तूच म्हणालास, माई, त्याच्या तोंडात घाल, म्हणजे जोरात पळेल. शेजारची सुरेखा न् तिची जाऊ किती हसल्या. मला वाटलं, तुला यातलं कळतं."

मी म्हणालो होतो. शेजारणींना हसवायला, आईच्या भाबडेपणावर म्हणालो होतो, आणि तिनं ते खरं मानून चिमूटभर कुंकू आणि अक्षता आत सारल्या होत्या. तिला चार शब्द सुनावायला आलो होतो. आता तोंड दाखवायला जागा उरली नव्हती.

बाहेरून नेमिनाथनं हाक मारली, "सर, झालं बघा. चालू केलंय."

"पळतंय का रे आता?" माईनं विचारलं.

"पळतंय," मी म्हणालो आणि तिच्यासमोर फरशीवर बसून रडलो.