बेचाळीस दिवसांची बिअर

तिला सगळे फेसबाई म्हणायचे, आणि तिची त्याला काही हरकत नव्हती. देशातल्या बिअरच्या धंद्याला वाहिलेलं एकच साप्ताहिक निघत होतं आणि त्यात ती अकरा वर्षं ‘फेसाखाली’ नावाचं सदर लिहीत होती. कोणत्या कंपनीने कोणाला गिळलं, कुठला ब्रँड बाजारातून गुपचूप नाहीसा झाला, कुणाच्या बाटलीचा गळा एकाएकी बारीक का झाला, हे लोकांना तिच्याकडून कळायचं. त्याआधी एकवीस वर्षं तिने एका ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत चव घ्यायची नोकरी केली होती. रोज सकाळी अकराला रांगेत बारा पेले मांडलेले असायचे. एकेक घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि कागदावर खूण करायची. “नोकरी असावी तर अशी!” असं कोणी म्हटलं की ती म्हणायची, “बाराव्या पेल्याला या, मग बोलू.”

त्या वर्षी गाजत होती ती ‘लाल कंदील’. देशातली सगळ्यात जुनी बिअर. तीन वर्षांपूर्वी एका बड्या समूहाने ती ब्रुअरी विकत घेतली आणि जिथे कधी ही बाटली पोचली नव्हती तिथेही ती पोचवली. विक्रीचे आकडे असे चढले की बाकीच्या कंपन्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

पण कचेरीसमोरच्या बारचा मालक वेगळंच सांगत होता. पेला पुसता पुसता तो म्हणाला, “बाई, पहिली बाटली सगळे मागतात. दुसरी कोणी मागत नाही. वीस वर्षांची माझी गिऱ्हाइकं, एक पितात आणि उठतात.”

“दे बघू एक.”

बर्फातून काढलेली बाटली त्याने उघडली. फेसबाईने दोन घोट घेतले. बिअर पोकळ लागली, घरात माणसं असून आवाज नसावा तशी. ती मनाशी म्हणाली, माल्ट कापलंय यांनी. माल्ट म्हणजे मोड आणून भाजलेली बार्ली, बिअरचा सगळा जीव तिच्यात. ती कमी करून स्वस्तातला तांदूळ घातला की बिअर अशीच पातळ होते. असे प्रकार तिने आयुष्यात पुष्कळ पकडले होते. दुसऱ्याच दिवशी तिने लिहून टाकलं: लाल कंदिलातलं तेल कमी झालंय, नव्या मालकांनी माल्टवर कात्री चालवली आहे. ‘असावी’ नाही, ‘बहुधा’ नाही. चालवली आहे.

अंक बाहेर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी खाली आली. धाकट्या भावाचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर होतं, आणि त्याची बायको लाल कंदिलाच्या तळघराची मुख्य होती. बिअर जिथे थंड टाक्यांमध्ये मुरत ठेवतात ते तळघर चौदा वर्षं तिच्या ताब्यात होतं. एरवी ती चपला सरकवत, काहीतरी गुणगुणत यायची. आज कामाचे जाड बूट घालूनच स्वयंपाकघरात शिरली आणि अंक टेबलावर आपटला.

“वन्सं, हे तुम्ही लिहिलंत?”

“खाली नाव माझंच आहे ना.”

“माल्टचं एक पोतं कमी झालेलं नाही. एक! आमची माणसं पहाटे येऊन ती पोती वाहतात. आज गेटवर दूधवाल्याने विचारलं त्यांना, काय हो, भेसळ करता म्हणे?”

फेसबाईच्या हातातला चहाचा कप जागच्या जागी थांबला. “मग चव कुठे गेली?”

वहिनी खुर्ची ओढून बसली, पुन्हा उठली. “ते मला विचारू नका. मी त्यांचा पगार घेते आणि तुमच्या घरी चहा पिते. दोन्ही चालू राहायला हवं.”

“बरं. नाही विचारत.”

“माल्ट पूर्ण आहे. एवढंच सांगायला आले होते.” आणि चहा न घेताच ती निघून गेली. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

फेसबाई तिथेच बसून राहिली. वहिनी चिडते, टोमणे मारते, पण खोटं बोलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे चूक आपलीच. चूक असेल तर ती कुठे झाली ते शोधायचं, एवढं सरळ काम होतं.

कचेरीत संपादक तिची वाटच बघत होते. समोर कंपनीचं पत्र. ‘आपण व आपल्या स्तंभलेखिकेने स्वतः येऊन पाहणी करावी, आणि त्यानंतर जाहीर माफी मागावी.’

“शेवटच्या पानावर वर्षभर त्यांचीच जाहिरात असते,” संपादक म्हणाले. “आता खरं सांगा, तुमची खात्री आहे ना?”

“सकाळी आठपर्यंत होती.”

“आणि आता?”

“आता जाऊन बघू या. बूट जुने घाला, तिथे जमीन ओली असते.”

ब्रुअरीच्या दारात जनसंपर्काचे साहेब उभे होते. डोक्यावर कोरं करकरीत हेल्मेट, पायात आरसा वाटावा असे बूट. त्यांनी काहीच लपवलं नाही, उलट एखाद्याने नवं घर दाखवावं तसं सगळं दाखवलं. माल्टच्या कोठारात हवेत पिठूळ धूळ तरंगत होती. काट्यावर पोती चढत होती. फेसबाईने मूठभर दाणे उचलून चावले. गोड, खरपूस, वर्षानुवर्षं ओळखीचे. मग तिने गेल्या पाच वर्षांच्या, म्हणजे जुन्या मालकांच्या वेळच्याही, वजनाच्या वह्या मागितल्या आणि उभ्या उभ्या तासभर चाळल्या. दर बॅचला तेवढंच माल्ट. तांदळाचा दाणाही नाही.

ती वह्या मिटून म्हणाली, “माझं चुकलं. माल्टला तुम्ही हात लावलेला नाही.”

साहेबांचा चेहरा खुलला. “हे लेखी येईल ना?”

“पुढच्याच अंकात. पहिल्याच ओळीत.”

संपादकांनी सुस्कारा टाकला. सगळे वरच्या बैठकीच्या खोलीत गेले. तळघराविषयी काही विचारायचं असेल तर म्हणून वहिनीलाही बोलावून घेतलं होतं. ती दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली, जणू फेसबाईला ती ओळखतच नाही. टेबलावर लाल कंदिलाचे पेले भरून ठेवले होते, पण साहेबांनी पडद्यावर नकाशे आणि आलेख दाखवायला सुरुवात केली आणि ते थांबेचनात. खोलीत ऊन आलं होतं. पेल्यांवरचे थेंब वाळले, फेस बसला.

अखेर फेसबाईने पेला उचलला. ओठाला लावण्याआधीच हात थांबला. तिने पुन्हा वास घेतला.

हिरवं सफरचंद. नुकतं कापलेलं, आंबट, कच्चं.

तिला स्वतःचाच राग आला. बारमध्ये ती बिअर बर्फातून काढलेली होती. एवढ्या गारठ्यात जीभ बधिर होते आणि वास बाटलीतच बसून राहतो. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं: पेला हातात धरा, जरा ऊब येऊ द्या, मग नाक घाला. नव्या पोरींना तिने स्वतः शंभरदा हे सांगितलं असेल, आणि आता नेमकी तीच विसरली. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कच्ची आहे. घातलंय सगळं बरोबर, पण मुरू दिलेली नाही.

तिने पेला खाली ठेवला आणि अगदी सहज विचारलं, “साहेब, विक्री किती वाढली म्हणालात?”

“तीन वर्षांत तिप्पट! गेल्या महिन्यात आम्ही पत्रकही काढलं होतं.”

“वा. मग मुरवायच्या टाक्याही नव्या घ्याव्या लागल्या असतील.”

साहेबांनी विजयी मुद्रेने बोट वर केलं. “तीच तर गंमत आहे! एकही नाही. पूर्वी चोवीस होत्या, आजही चोवीसच. त्याच आकाराच्या. आणि सगळी बिअर इथूनच जाते, दुसरीकडे कुठेच बनत नाही. याला म्हणतात कार्यक्षमता.”

“पूर्वी तर एकही टाकी रिकामी नसायची असं ऐकलंय.”

“कधीच नसायची. तुमच्याच जुन्या लेखात आहे ते.”

संपादकांचं पेन थांबलं. त्यांनी दाराकडे मान वळवली. “या बाई तळघर बघतात ना? मग यांनाच विचारू या, की बिअर किती दिवस…”

“त्यांना नको,” फेसबाई पटकन म्हणाली. “साहेब सांगतायत ना सगळं व्यवस्थित. साहेब, हे तुमच्या नावाने छापू?”

“मोठ्या अक्षरांत छापा!”

वहिनी खिडकीबाहेर बघत होती.

पुढच्या अंकात ‘फेसाखाली’ची सुरुवात अशी होती: ‘मागच्या आठवड्यात मी चुकले. लाल कंदिलात माल्ट पूर्वीइतकंच आहे. मी स्वतः वह्या बघितल्या आणि दाणे चावले. पहाटे पोती वाहणाऱ्या माणसांवर मी नको तो आळ घेतला. त्यांची मी माफी मागते.’

त्याखाली एक रेघ होती आणि रेघेखाली पुढचा मजकूर. ‘आता एक साधा हिशोब. लाल कंदील बेचाळीस दिवस मुरते, असं कंपनी पन्नास वर्षं लेबलावर छापत आली. नव्या लेबलावरून ती ओळ गेली आहे. टाक्या तेवढ्याच आहेत, तेव्हाही भरलेल्या होत्या आणि आजही भरलेल्या आहेत. बिअर मात्र तिप्पट बाहेर पडते. मग एकेक टाकी किती दिवसांत रिकामी होते? बेचाळीसला तिनाने भागा. उत्तर मी लिहीत नाही, तुम्हाला येतं. घरी बाटली पेल्यात ओता, पंधरा मिनिटं थांबा आणि वास घ्या. मी जे करायला हवं होतं ते तुम्ही करा.’

लोकांनी ते केलं. आठवडाभर टपालातून सफरचंदच येत होतं. एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलं की नवऱ्याला बिअरचा वास घेताना बघून आधी वाटलं याचं डोकं फिरलं. बारमालकाने तर फळ्यावर लिहून ठेवलं: थांबा, हुंगा, मग प्या. कंपनीने आत चौकशी केली की ही बातमी फोडली कोणी. पण सगळं त्यांच्याच पत्रकात आणि त्यांच्याच साहेबांच्या तोंडी होतं, तेव्हा वहिनीकडे बोट दाखवायची सोय राहिली नव्हती.

दहाव्या दिवशी समूहाच्या थोरल्या साहेबांचा स्वतःचा फोन आला. आवाज शांत, सवयीने हुकूम देणारा.

“बाई, बेचाळीस दिवस थांबायला आज वेळ कोणाला आहे? माणूस दुकानात जातो, गार बाटली उचलतो, पितो. हे सफरचंद-बिफरचंद तुमच्यासारख्या दहा जणांना कळतं.”

“शिकवल्यावर दहा हजारांना कळलं, साहेब. आणि ज्यांना कळलं नाही तेही दुसरी बाटली मागत नाहीत. तुमच्या आलेखात पहिलीचा हिशोब आहे. दुसरीचा कोणी ठेवलाय का?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “तुम्ही असता तर काय केलं असतं?”

“ते माझं काम नाही. पण तुमच्या तळघरात एक बाई चौदा वर्षं आहेत. त्यांना तीन वर्षांत हे कोणी विचारलं नसेल.”

हे बोलून झाल्यावर तिला वाटलं, वहिनीला यात ओढायला नको होतं. पण शब्द निघून गेला होता. संध्याकाळी तिने वर जाऊन सरळ सांगून टाकलं. वहिनी भांडी विसळत होती. नळ बंद न करताच ती म्हणाली, “विचारलं तर सांगेन. भीती माझ्या नावाने छापून येण्याची होती, वन्सं, बोलण्याची नाही.”

आणि खरंच त्यांनी विचारलं. वहिनी दोन तास आत होती. तिने मागितलं ते थोडकं होतं: सोळा टाक्या नव्या घ्या, टाक्यांत पूर्ण मुरेल तेवढाच माल बाजारात पाठवा, आणि लेबलावरची ओळ परत आणा. थोरले साहेब दानशूर होते अशातला भाग नव्हता. प्रतिस्पर्धी ‘ध्रुव’ने नेमक्या त्याच आठवड्यात ‘आम्ही थांबतो’ अशी जाहिरात रस्तोरस्ती लावली होती. तेव्हा सोळा नाही, पण बारा टाक्या मंजूर झाल्या, नव्या बाजारांतला माल कमी झाला, आणि बाटलीवर ती ओळ परत आली, सोबत भरल्याची तारीखही. जनसंपर्काच्या साहेबांची दुसऱ्या खात्यात बदली झाली. तिथे ते म्हणे फार लोकप्रिय आहेत.

पूर्ण बेचाळीस दिवस मुरलेली पहिली टाकी उघडली त्या दुपारी वहिनीने फेसबाईला तळघरात बोलावलं. भिंतींना दव सुटलं होतं, टाक्यांचे पाईप हलकेच सुस्कारत होते. वहिनीने तोटीखाली पेला धरला, भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. पाठीमागे तिची सहा माणसं काम सोडून उभी होती. ज्यांच्यावर आळ आला होता ती माल्टची माणसंही मुद्दाम खाली आली होती.

फेसबाईने पेला तळहातांत धरून ऊब दिली. कोणी घाई केली नाही. मग वास घेतला, एक घोट घेतला, घोळवला. थुंकायला बादली ठेवली होती, पण ती गिळून मोकळी झाली.

“सांगा ना,” वहिनी म्हणाली.

“भरलेली आहे. स्वच्छ. शेवटी गोडवा रेंगाळतो, तसाच.” मागे कोणीतरी टाळी वाजवली. फेसबाईने आणखी एक घोट घेतला आणि भुवई उंचावली. “फक्त हॉप्सची फुलं गेल्या वर्षीची वापरलीत. कडूपणा जरा शिळा आहे.”

“वन्सं!”

“खोटं बोलू?”

वहिनीने तिच्या हातातून पेला काढून घेतला, स्वतः एक घोट घेतला आणि तोंडात घोळवला. मग माणसांकडे वळून म्हणाली, “हॉप्सच्या कोठारातून पावत्या आणा रे. आत्ता.” आणि फेसबाईला म्हणाली, “हे छापणार असाल तर आधी बघून घ्या. या वेळी पहिल्या ओळीत माफी नको.”

“चल,” फेसबाई म्हणाली आणि ओल्या फरशीवरून जपून पाय टाकत तिच्यामागे निघाली.