मागच्या बाजूचं गाणं

घड्याळजींच्या दुकानातली सगळी घड्याळं एकच वेळ दाखवत, आणि या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता. कुणी डोकावून किती वाजले विचारलं, तर ते नुसती भिंतीकडे मान करत. तोंडाने सांगणं त्यांना कमीपणाचं वाटे.

दुकानामागच्या खोलीत दर रविवारी दुपारी मंडळ जमायचं. मंडळ म्हणजे चार रिकामटेकडे आणि एक दातांचे डॉक्टर, असा घड्याळजींच्या बायकोचा हिशोब. या बायकोला सगळे काकू म्हणत. गाणं स्वतः लिहायचं, चाल स्वतः लावायची आणि गायचंही स्वतःच, अशा जुन्या गायकांवर या मंडळींचा जीव. त्यातही नियम असा, की तबकडीची गाजलेली बाजू लावायची नाही. ती सगळ्या जगाने ऐकलेली असते. तबकडी उलटी करायची आणि मागे राहिलेलं, कुणी न विचारलेलं गाणं ऐकायचं. दुसरा नियम काकूंचा होता. गाणं चालू असताना जो तोंड उघडेल, त्याला चहा नाही. डॉक्टर दोनदा कोरडे घरी गेले होते.

या सगळ्यात घड्याळजींचं लाडकं गाणं एकच. एका बाईंची एकुलती एक छोटी तबकडी. पुढच्या बाजूचं उडत्या चालीचं गाणं एके काळी रस्त्यातली पोरंसोरंसुद्धा शिट्टीवर वाजवायची. मागच्या बाजूला पाहुणे गेल्यानंतरच्या घराचं गाणं होतं. ‘सगळे गेले, कपबशा उरल्या, आता माझी माझ्याशी भेट.’ बस, एवढंच. पण ते ऐकताना डॉक्टरांसारखा बोलका माणूसही आपल्या तळहातांकडे बघत बसायचा.

बाईंनी त्यानंतर एकही गाणं केलं नाही. कुठे असतील, असतील की नाही, यावर मंडळात वाद होत. आणि एक दिवस डॉक्टरांच्या खुर्चीत कवळी बसवायला एक म्हातारी आली, तिने बोलता बोलता नाव सांगितलं, आणि डॉक्टरांच्या हातातलं अवजार खाली पडायचं बाकी राहिलं. बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला फुलझाडांची रोपं विकत होत्या. त्या यायला तयार झाल्या, पण दोन अटींवर. पुढच्या बाजूचं गाणं लावायचं नाही आणि मला गायला सांगायचं नाही.

घड्याळजींच्या जिवाला त्या दिवसापासून स्वस्थता नव्हती. त्यांना एवढंच हवं होतं, की बाईंनी आपलं गाणं इथे बसून ऐकावं आणि ते वाया गेलं नाही, हे कळून समाधानाने घरी जावं. मग त्यांनी खोली झाडली, खुर्च्यांचे पाय घट्ट केले, तबकडी मऊ फडक्याने पुसली. सगळं झालं तरी हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्यांनी तबकडीवर छापलेली गाण्याची लांबी पाहिली आणि सहज आपलं उत्तमातलं उत्तम घड्याळ लावून गाणं मोजलं.

गाणं चांगलं पाव मिनिट जास्त चाललं.

त्यांनी घड्याळ बदलून पुन्हा मोजलं. घड्याळं खोटं बोलत नव्हती. खोट होती प्लेअरमध्ये. फार वर्षांपूर्वी त्याच्या मोटरची कप्पी, तबकडीला फिरवणारी छोटी चकती, तुटली होती. बाजारात मिळेना, म्हणून घड्याळजींनी पितळेची नवी कप्पी स्वतः, नजरेच्या अंदाजाने कातून बसवली होती. ती जराशी बारीक झाली होती. म्हणजे तबकडी तेव्हापासून हळू फिरत होती आणि मंडळ प्रत्येक गाणं संथ करून, खालच्या सुरात ऐकत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावाची वेळ सांभाळणाऱ्या माणसाच्या घरात गाणं मागे पडत होतं, आणि माना डोलावणाऱ्यांत तो सर्वांत पुढे होता.

घड्याळजी लाजेने लालबुंद झाले. त्यांनी मापाबरहुकूम नवी कप्पी कातली, बसवली, जुनी एका काड्यापेटीत दडवली आणि मंडळापुढे मूग गिळून बसायचं ठरवलं. काकूंपासून मात्र ते लपणार नव्हतं. नव्या कप्पीवर गाणं लागताच त्या स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या.

“अहो, हे आपलं गाणं नाही. ही बाई पळतेय कुठे?”

घड्याळजींनी सगळं सांगितलं. काकू आधी पदर तोंडाला लावून हसल्या, मग म्हणाल्या की बरोबर असेल, पण चांगलं नाही लागत. घड्याळजी म्हणाले, चांगलं-वाईट आपण कोण ठरवणार, बाईंनी गायलं तसंच त्यांना ऐकवलं पाहिजे.

रविवारी बाई आल्या. बारीक चणीच्या, नखांत माती, आवाज खर्जातला आणि थोडा घोगरा. कुंडीतलं एक रोप त्यांनी काकूंच्या हाती दिलं आणि पुढच्या खुर्चीवर बसल्या. घड्याळजींनी पिन ठेवली.

गाणं सुरू झालं आणि मंडळ चुळबुळायला लागलं. डॉक्टरांनी शेजाऱ्याकडे पाहिलं, शेजाऱ्याने भिंतीकडे. नियमामुळे बोललं कुणी नाही. बाई मांडीवर हात ठेवून, शाळेत निकाल ऐकणाऱ्या मुलीसारख्या बसल्या होत्या. गाणं संपलं.

“हो, असंच आहे ते,” बाई म्हणाल्या. मग कुणी न विचारता त्यांनी सांगितलं, की त्या दिवशी पुढच्या गाण्यातच सगळा वेळ गेला होता. कंपनीचा माणूस काचेपलीकडून मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत होता. “उरलेल्या वेळात उरकलं मी. सगळं आवरून बाई दमून खाली बसलीय, असं गाणं, आणि मी ते गाडी चुकणार असल्यासारखं गायले. तबकडी आली, एकदा ऐकली, आणि वाटलं, आपल्याला नाही जमत हे. तुम्ही मायेने बोलावलंत, पण गाणं फसलेलंच आहे.”

घड्याळजींना तोंडात मारल्यासारखं झालं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. ज्या समाधानासाठी बाईंना बोलावलं, ते तर राहिलंच, वर जुनी जखम आपणच उघडी केली. आता खरं सांगावं, तर घड्याळजी म्हणून अब्रू जाणार. न सांगावं, तर बाई तशाच घरी जाणार.

काकूंनी त्यांची पंचाईत सोडवली. त्या उठल्या, कपाटातली काड्यापेटी त्यांच्यापुढे ठेवली आणि बाईंना म्हणाल्या, “आमच्या घरात तुमचं गाणं असं नव्हतं. यांच्या हातून एक चूक झाली होती. ती पुन्हा करायला सांगते.”

मंडळासमोर घड्याळजींनी प्लेअर उघडला. नवी कप्पी काढली, जुनी बसवली, आणि मान खाली घालून काय घडलं ते सांगितलं. डॉक्टर काहीतरी बोलणार होते, पण काकूंनी चहाच्या भांड्याकडे बोट दाखवलं. पिन टेकली.

आवाज खाली उतरला. बाईंच्या गाण्यात आता वेळ होता. प्रत्येक कपबशी हातात घेऊन, विसळून, पालथी घालण्याएवढा वेळ. बाईंनी पहिल्या ओळीला मान वर केली. दुसऱ्या ओळीला डोळे मिटले. कडवं सुरू झालं, तेव्हा खोलीत दोन आवाज होते. तरुणपणीचा आवाज उतरून जिथे आला होता, बरोबर तिथेच वयाने बाईंचा गळा आणून ठेवला होता. त्यांना एकही सूर ओढावा लागला नाही. गायला सांगायचं नाही, ही अट त्यांनी स्वतःच मोडली होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

घड्याळजी उघडपणे रडले. भिंतीकडे त्यांनी पाहिलं नाही.

गाणं संपलं तरी पिन उचलायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. ती आतल्या रेघेत खरखरत राहिली.

“असंच हवं होतं मला,” बाई म्हणाल्या. “अगदी असं.”

तेवढ्यात डॉक्टरांना नियम आठवला. गाणं चालू असताना तोंड उघडणाऱ्याला चहा नाही, असं ते हळूच म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता पहिला कप बाईंच्या हातात दिला. तो दोन्ही हातांत धरून बाईंनी घड्याळजींना विचारलं, की पुढच्या रविवारी एक नवं गाणं आणलं तर चालेल का.