एकाचे तीन, तिनाचा एक

यवतमाळच्या एका छोट्या कंपनीत मैत्रेयी पूर-इशाऱ्यांचा नकाशा सांभाळायची. नकाशामागे पायथॉन या संगणकभाषेतली सारणी होती. तिच्यातल्या प्रत्येक आकड्याला गावाचं आणि तारखेचं लेबल. आतापर्यंत एक म्हणजे धोका, तीन म्हणजे सुरक्षित. नव्या नियमात हे उलटं झालं, म्हणून तिने जुन्या आकड्याच्या जागी नवा घालणारी पद्धत लिहिली. सकाळी ती सुरू झाली.

दुपारी महागावच्या बचाव पथकातून अश्वजितचा फोन आला.

"ताई, पाणी पुलाले लागून राह्यलं, अन् तुमचा नकाशा सारा हिरवा. लोकं म्हणतात, कायले निघायचं?"

तिने नकाशा उघडला. एकही गाव लाल नव्हतं. पद्धत बदल एकामागून एक करत होती: आधी एकाचे तीन, मग सगळ्याच तिनांचा एक. धोक्यातली गावं फिरून सुरक्षितांत जाऊन बसली होती.

"नकाशा चुकला आहे. लोकांना बाहेर काढ. कोणी विचारलं तर माझं नाव सांग."

तिने नकाशा बंद केला. तिचा वरिष्ठ पियूष धावत आला. "काहून बंद केला? आधी दुरुस्त करायचं, मग सांगायचं. आता आपल्यावर कोण भरोसा ठेवीन?"

"सांगून झालं."

तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. "मग मधी नव्व्याण्णव वापर. एकाचे नव्व्याण्णव, तिनाचा एक, शेवटी नव्व्याण्णवचे तीन."

"सारणीत नव्व्याण्णव आधीच आहे. ज्या गावाचं मोजमापच आलं नाही, त्याला तो आकडा असतो. तीही गावं लाल होतील. मूळ सारणीला हात लावायचा नाही. प्रत्येक आकडा तिच्यातच बघायचा, उत्तर नव्या सारणीत लिहायचं. लेबलं जशीच्या तशी."

चार खोट्या गावांवर तिने पद्धत तपासली. पियूषने प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली. नकाशा पुन्हा सुरू झाला, तेव्हा नदीकाठ लाल होता.

अश्वजितचा फोन लागेना. मैत्रेयी लावत राहिली. संध्याकाळी त्याचाच आला.

"खालच्या घरांत पाणी घुसलं, ताई. मानसं समदी शाळेच्या वरच्या मजल्यावर हायेत. रुखमाबाई शेळ्या सोडून निघेना, मग शेळ्याही वर नेल्या."

मैत्रेयीने फोन पियूषच्या हातात दिला आणि खुर्चीत बसली.