एकाच पेल्यात दोन पेशी

“हे काप टाकून द्या, काकू. मज्जातंतू इथंच संपलाय,” पडद्यावरची नजर न काढता संशोधक बाई म्हणाल्या.

“संपलेला नाही,” काकू म्हणाल्या. “निमुळता झालाय. पुढच्या चाळीस कापांत बघा, शेजारच्या पेशीकडे गेलाय.”

काकू त्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काप काढत होत्या. उंदराच्या कानाच्या आतला, तोल ओळखणारा कणभर भाग राळेत बसवायचा आणि हिऱ्याच्या सुरीनं त्याचे काप पाण्यावर सोडायचे. श्वास जोरात सोडला तरी ते विस्कटत. तिथल्या केशपेशीला, म्हणजे केसांसारखे तंतू असलेल्या पेशीला, मज्जातंतू पेल्यासारखा कवेत घेतो. एका पेल्यात एकच पेशी, असं बाईंनी लेखात लिहूनही टाकलं होतं. ‘बघते,’ असं त्या जरा तुटकच म्हणाल्या आणि कापांची सूक्ष्मदर्शकातली चित्रं जुळवायला बसल्या. चौथ्या दिवशी काकूंच्या शेजारी खुर्ची ओढून त्यांनी तुमचंच खरं निघालं म्हणून सांगितलं. दोन पेशी, पेला एक. लेख नव्यानं लिहावा लागला.

काकूंचे यजमान उंच इमारतींचे रंगारी होते. आठ वर्षांपूर्वी एका आजारात इंजेक्शनांनी जीव वाचला, पण त्याच औषधानं कानातला तोल गेला. तेव्हापासून ते डोळ्यांच्या भरवशावर चालत. अंधार पडला की झोकांड्या जात आणि लोक भलतंच समजत. काय बिघडलंय ते डॉक्टरांच्या आधी काकूंनीच त्यांना कागदावर काढून दाखवलं होतं. त्या पेशी तुला खरंच दिसतात का, असं त्यांनी विचारलं. रोज दिसतात, काकू म्हणाल्या. तेव्हापासून ते भेटेल त्याला सांगत, की जे आपल्याला दिसतही नाही ते आमची ही कापते.

नवा लेख मांडायचा होता त्या परिषदेला ते हट्टानं आले. चित्रांसाठी सभागृहातले दिवे मालवले, तसे त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

“सहाशे बारा काप,” संशोधक बाई मंचावरून सांगत होत्या. “एकही हरवलेला नाही. ते ज्यांनी काढले आणि माझी चूकही ज्यांनी दाखवली, त्या काकू इथं बसल्यात. काकू, जरा उभ्या राहता?”

काकू संकोचून उठल्या. टाळ्या सुरू झाल्या. शेजारी यजमानही उठत होते.

“अहो, बसा ना. अंधार आहे,” काकू कुजबुजल्या.

“असू दे.”

पाय फाकवून, पुढची खुर्ची धरून ते उभे राहिले. पण टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागतात. त्यांनी खुर्ची सोडली. काकूंनी समोर बघतच मागून त्यांचा सदरा मुठीत धरला.