मी येईल

हरीशने श्रीखंडाचा डाव पातेल्यात आपटला. शिंतोडा पुष्करच्या शर्टावर उडाला, पण सॉरी कोणी म्हणालं नाही.

"अख्खं ब्रिटिश सैन्य बसवलं तरी तुमचं वेम्बली स्टेडियम भरत नाही," पुष्कर म्हणाला. "आणि हे म्हणे रशियाशी लढणार! पहिल्या आठवड्यात गोळ्या संपतील, लिहून ठेव."

"तुमचं? तुझा पासपोर्ट कुठला आहे रे?"

इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या त्या जेवणाच्या टेबलावर दोघं केव्हापासून युद्ध लढत होते. एकाच सॉफ्टवेअर कंपनीत खुर्च्या झिजवलेले हे वीर. आयुष्यात कधी साधं झुरळ मारलं असेल तर शपथ. मुलगा अनय लष्करात भरती झाला तेव्हा याच हरीशने पोराशी बोलणं टाकलं होतं. आता तोच पोरगा गुरुवारी एस्टोनियाला, रशियाच्या सीमेवर निघाला होता, आणि बापाला मिरवायला विषय मिळाला होता. सुलक्षणा मात्र मुलाच्या पानात न विचारता पुऱ्या वाढत होती.

"यालाच विचार ना," हरीश म्हणाला. "सांग रे, आहे की नाही तुमची तयारी?"

अनयने घास खाली ठेवला. "आहे. म्हणजे, लास्ट एक्सरसाइजला गोळ्या आला नव्हता."

"आल्या नव्हत्या."

मुलाचं मराठी सुधारायची एकही संधी हरीश सोडत नसे. 'मी येईल' म्हटलं की दुसराच कोणी तरी येतो, तू येत नाहीस, असं सांगून त्याने लहानपणी पोराला रडवलं होतं.

"हां, आल्या नव्हत्या. सरावाच्या खोट्यावाल्या पण नाही. मग आम्ही तोंडाने बँग बँग म्हणायचो."

पुष्कर इतका हसला की त्याला ठसका लागला. हरीश पाण्याचा ग्लास नुसता फिरवत राहिला.

"आणि समोरचे?" सुलक्षणाने विचारलं.

"समोर आमचीच मुलं, आई. ते पण बँग म्हणायचे. मग सार्जंट ठरवायचा कोण मेला."

पुष्करने रुमाल काढला आणि शर्टावरचा डाग पुसायला घेतला. तो बराच वेळ पुसत होता.

बाहेर अनयला छावणीवर परत न्यायला टॅक्सी आली. अनयने बॅग खांद्यावर टाकली, आईला मिठी मारली. हरीश दारापर्यंत मागे मागे गेला.

"काळजी नको करू, बाबा. मी परत येईल."

हरीशने त्याची बाही धरली. "येईन."

"हो, येईल ना."

"येईन म्हण, अनय." आवाज दटावणीचाच होता, पण मध्येच फाटला. "एकदा तरी नीट म्हण."

"सेमच आहे ना, बाबा," अनय हसत म्हणाला.

टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. हरीशने बाही सोडली नाही.