फुंकर, शंभर उदबत्त्या आणि दोन रेघा

फूऽऽऽ!

काल संध्याकाळी फुंकरस्वामींनी उदबत्त्यांच्या ढिगावर फुंकर मारली आणि आज खंडोजीरावांच्या कारखान्यात एकच गलका! "बघा, काल एकोणीस विझल्या होत्या, आज अकराच!" बायकांनी हात जोडले, गल्लीतली माणसं खिडक्यांना लोंबकळली आणि स्वामींनी केळ्यांचा घड हळूच झोळीत सरकवला.

रोज संध्याकाळी, त्या दिवशी वळून वाळवलेल्यांतल्या शंभर उदबत्त्या पेटवायच्या आणि मध्येच किती विझतात ते वहीत लिहायचं, ही या कारखान्याची जुनी रीत. आकडा चढला की स्वामींना बोलावणं जाई, ते फुंकर मारीत, आकडा उतरे. साऱ्या म्हैसुरात डंका!

खंडोजीरावांची धाकटी बहीण गिरिजाबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिला स्वामींचे फुगलेले गाल पाहून हसू आवरत नव्हतं. पण स्वामींच्या पुढच्या वाक्यानं ते हसू जागीच थिजलं.

"आकडा पुन्हापुन्हा चढतो, कारण दोष घरातच बसलाय! ही तुंगा! हिची नजर वाईट. शुक्रवारपर्यंत हिला काढा!"

तुंगा बावीस वर्षं इथे उदबत्त्या वळत होती. घरात मिळवणारी ती एकटीच. बिचारीचं तोंड पांढरंफटक पडलं. गिरिजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अण्णा, कुणी सुम्ने, उगाचच काहीतरी बरळलं म्हणून बाईला काढणार?"

"अगं, पण आकडा उतरतो ना? तूच बघतेस की!"

"बघते. नीटच बघते!"

दोन महिन्यांचे आकडे तिनं चौकटीच्या कागदावर ठिपक्यांनी मांडले. सरासरी बाराच्या आसपास. चढउताराचा हिशेब करून तिनं वर बावीसवर एक रेघ ओढली, खाली दोनवर एक.

"अण्णा, या रेघांच्या आत ठिपका रोज उड्या मारणारच. कधी हवा दमट, कधी हात जड. आज एकोणीस आला की उद्या बहुधा खालीच येतो. स्वामी पंधरा दिवस तलकाडला होते ना? तेव्हाही एकोणीसचे दहा झाले, अठराचे तेरा!"

"योगायोग असेल."

"मग पारख करू. आज पाचच विझल्यात. आजच बोलवा त्यांना!"

"आज? आज तर सगळं छान आहे!"

"मग आणखी छान होऊ दे की. पाचाचं शून्य करतील!"

स्वामी आले, बिचकले, पण गल्ली जमलेली. गाल पुरीसारखे फुगले. फूऽऽऽ!

दुसऱ्या दिवशी विझल्या चौदा.

"अय्यो!" वळणारी नागरत्ना किंचाळली, "स्वामींनी पाचाचे चौदा केले!" हसून हसून बायकांची मुरकुंडी वळली.

"तुंगेची नजर!" स्वामी गरजले.

"बरं," गिरिजाबाई म्हणाली. "दोन ठिपके रेघेच्या बाहेर गेलेत, एकतीस आणि अठ्ठावीस. त्या उड्या रोजच्या नव्हेत. त्या दिवशी खरंच काहीतरी बिघडलं होतं. आणि दोन्ही दिवस सोमवार. तुंगम्मा, सोमवारी तू कुठे असतेस?"

"नंजनगूडला, अम्मा. नंजुंडेश्वराच्या दर्शनाला. बावीस वर्षांत एक सोमवार चुकला नाही."

"पंधरा मैलांवरून नजर लागते होय, स्वामी?"

"लागते!"

"आणि तुमची फुंकर चार बोटांवरून लागत नाही?" नागरत्नानं विचारलं. पण लगेच तिनंच जीभ चावली. "अम्मा, त्या दोन्ही सोमवारांच्या आधीच्या शनिवारी भिजवलेलं पीठ उरलं होतं, मध्ये रविवारची सुट्टी. टाकवेना म्हणून सोमवारी तेच आंबलेलं वळलं आम्ही."

झालं! त्या दिवसापासून उरलेलं पीठ वळणं बंद. पुढे एकाही सोमवारी ठिपका रेघेबाहेर गेला नाही.

खंडोजीरावांनी सगळ्यांसमोर तुंगेला हात जोडले. "चुकलं माझं, तुंगम्मा." ती रडत रडत हसली. स्वामी मागच्या दारानं पसार झाले होते. गडबडीत झोळी राहिली, तिच्यातली केळी तुंगेनंच सगळ्यांना वाटली.

तेव्हा मंडळी, देवळात खुशाल जा, तुंगाही जाते. पण कुणी म्हणालं, "मी आलो आणि बरं झालं," तर हात जोडण्याआधी विचारा, "बाबा रे, तू आला नव्हतास तेव्हा काय झालं होतं?" आणि उत्तर मिळेपर्यंत केळी आपल्याच घरात ठेवा.