म्यूट न झालेलं गाऱ्हाणं

कॉलेजचं छप्पर दुरुस्तीला निघालं आणि वर्ग मोबाइलवर आले, तेव्हापासून शिवांगी मॅडम घरी बसून काळ्या चौकोनांना अर्थशास्त्र शिकवत होत्या. पोरांचे कॅमेरे बंद, माइक बंद. "समजलं का?" विचारलं की कुणीतरी अंगठ्याचं चित्र टाकी. तो अंगठा जागेपणी आला की झोपेत, देव जाणे.

आज मात्र परीक्षा त्यांचीच होती. नोकरी कंत्राटी. ती पुढे चालू ठेवायची का, हे ठरवायला डॉ. अनुजा गोरे मुंबईहून ऑनलाइन तासाला बसल्या होत्या. "विद्यार्थी बोलतात का, तेवढंच मी बघणार," असं त्यांनी आधीच बजावलेलं. आणि ही कार्टी! मागणीची लवचिकता शिकवून घसा सुकला, तरी हूं नाही की चूं नाही.

ओटीवर सासरे आबा बसले होते. वालावल गावात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालावं तर आबांनीच. सुनेचा रडवेला आवाज ऐकून त्यांना राहवेना. त्यांनी तिथूनच देवळाच्या दिशेला हात जोडले आणि खणखणीत आवाज लावला.

"बा देवा लक्ष्मीनारायणा, आज माझी सून काम्प्युटरार शिकवता आसा, तिका यश दी रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याच्या दर वाक्याला जमलेल्यांनी होकार भरायचा, हे इथल्या पोरांना पाळण्यापासून ठाऊक. ते कानावर पडल्यावर गप्प कोण राहणार? कणकवलीपासून तारकर्लीपर्यंतचे माइक धडाधड उघडले.

"व्हय म्हाराजा!"

घाबरलेल्या शिवांगी मॅडमना म्यूटचं बटण सापडेना.

"मुंबयची जी बाई तपासूक बसली आसा, तिका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ही पोरां गप बसान माझ्या सुनेचो जीव खातत, तेंका वाचा दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यात जोरात.

बटण सापडलं, पण आता काय उपयोग! गोरे मॅडमचा चेहरा गंभीर होता. नोकरी गेल्यातच जमा. मग निदान खरं तरी कळू दे, म्हणून शिवांगी मॅडमनी माइक पुन्हा उघडला आणि पहिल्यांदाच मालवणीत विचारलं, "पोरांनो, लवचिकता समाजली?"

मग रोज न चुकता अंगठा टाकणाऱ्या नितेशचा आवाज आला.

"नाय म्हाराजा!"

मागोमाग अख्खा वर्ग, "नाय म्हाराजा!"

शिवांगी मॅडमना हसू आणि रडू एकदमच फुटलं. इतक्या महिन्यांत वर्गाने त्यांना दिलेलं हे पहिलं खरं उत्तर होतं.

गोरे मॅडमनी माइक उघडला. "आता सावकाश शिकवा," त्या म्हणाल्या. "अख्खं पुढचं वर्ष आहे तुमच्याकडे."